आक्षेपांना मानकाचे उत्तर : फाईलनामे आणि मराठी 'ऱ'

संगणक-जाळ्यावरून फाईली सामायिक करणाऱ्या 'एनएफएस'च्या चौथ्या आवृत्तीसाठी २००३ च्या मानकाने (आरएफसी ३५३०) फाईलनामांना 'स्ट्रिंगप्रेप'चे नियम लावले. प्रणाली घडविणाऱ्यांनी ते पाळले नाहीत. तोच मानकावरील खरा अभिप्राय ठरला.

प्रश्न मराठीला परका नाही. 'कर्मचाऱ्यांची यादी' या नावातील 'ऱ' युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो, किंवा 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. डोळ्यांना नाव एकच. केवळ बाइट जुळवणाऱ्या सर्व्हरला मात्र दोन. गारखेड्यातील एखाद्या महाविद्यालयात अशी यादी 'सापडत नाही', तेव्हा दोष बहुधा लिपिकाच्या माथी येईल!

२०१५ च्या आरएफसी ७५३० ने प्रत्यक्ष वर्तन पाहून मजकूरच बदलला. नावांचे सामान्यीकरण करणारे व न करणारे, दोन्ही सर्व्हर त्यात ग्राह्य आहेत. दस्तऐवज वस्तुस्थितीशी जुळला. 'ऱ'ची अडचण तेवढी उरली.