करंगळीला विचारून कीबोर्ड घ्या

तुमच्या डाव्या हाताची करंगळी दिवसभर काय करते, कधी पाहिलंय? मीही पाहिलं नव्हतं. मार्चमध्ये ती दुखायला लागली, तेव्हा लक्ष गेलं.

वर्ध्याच्या आमच्या घरात एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि दावेदार दोन. दिवसा मी: असाइनमेंट, बातम्या, मराठी टायपिंगचा सराव. रात्री दहानंतर धाकटा भाऊ आणि त्याचं व्हॅलोरंट. कीबोर्ड पीसीसोबत आलेला, चारेकशे रुपयांचा. मी म्हणायची, तुझ्या गेमने त्याची वाट लागली. तो म्हणायचा, "तूच ठोकतेस ना बे, हातोडा मारल्यासारखी." एक दिवस तोही हात झटकत उठला. विचारलं तर म्हणे करंगळी दुखते. डावीच.

कोडं सुटायला दोन दिवस लागले. मी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते. सरकारने 1986 मध्ये भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली ही मांडणी. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. 'क' नुसता दाबायचा, 'ख' हवा असेल तर त्याच बटणावर शिफ्ट. ग-घ, च-छ, ट-ठ, ल-ळ, स-श, सगळं तसंच. अक्षर उजव्या हाताने दाबायचं म्हटलं की शिफ्ट कोण धरणार? डावी करंगळी. 'शाळा', 'भाषा', 'ठळक' हे शब्द टाइप करून बघा, प्रत्येकात शिफ्ट दोनदा लागते. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला नाहीतर नावाला शिफ्ट दाबली की काम भागतं. मराठीत शब्दागणिक हजेरी.

आता गेम बघा. व्हॅलोरंटमध्ये आवाज न करता चालायचं तर शिफ्ट, खाली बसायचं तर कंट्रोल. माइनक्राफ्टमध्येही हीच दोन बटणं, कामं तेवढी वेगळी. बाकीची बोटं डब्ल्यू-ए-एस-डीवर आणि करंगळी कोपऱ्यात पहाऱ्यावर. म्हणजे घरातलं सगळ्यात दुबळं बोट दिवसपाळी आणि रात्रपाळी, दोन्ही करत होतं. (रेमिंग्टनवाल्यांनो, हसू नका. टाइपरायटरवरून आलेल्या तुमच्या मांडणीतही शिफ्ट काही कमी नाही.)

म्हणून कीबोर्ड घ्यायला गेलात की आधी रंगीत लाइट बघू नका. डावी शिफ्ट बघा.

ती लांब असते, म्हणून तिच्याखाली एक तार बसवलेली असते. कुठूनही दाबलं तरी ती सरळ खाली जावी, यासाठी. स्वस्त कीबोर्डमध्ये ही सोय ढिली असली की शिफ्ट मधून दाबली तर जाते, कडेला दाबली तर अडकते. आणि करंगळी नेमकी कडेलाच पडते! दुकानात ती कडेने दहा वेळा दाबा. काही मॉडेलमध्ये डावी शिफ्ट तोकडी करून शेजारी आणखी एक बटण घुसवलेलं असतं. ते आपल्या कामाचं नाही. मग डबा उघडायला लावून 'शाळा शाळा शाळा' असं वीसदा टाइप करा, कीबोर्ड जोडलेला नसला तरी चालेल. बजाज चौकातल्या दुकानदाराने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. पाहू द्या, पैसे आपले आहेत.

मेम्ब्रेन की मेकॅनिकल, हा पुढचा वाद. मेम्ब्रेनमध्ये बटणाखाली रबराचा घुमट असतो आणि तो बहुतेक वेळा तळाला टेकेपर्यंत दाबावा लागतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच आणि स्प्रिंग. उदाहरणार्थ चेरी कंपनीचा एमएक्स रेड स्विच 4 मिलिमीटर खाली जातो, पण 2 मिलिमीटरवरच अक्षर उमटतं आणि त्याला जोर लागतो साधारण 45 ग्रॅम वजनाइतका. रेड सरळ खाली जातो. ब्राऊनमध्ये मध्ये एक बारीक अडखळ लागते, त्यामुळे अक्षर उमटल्याचं बोटाला कळतं. ब्लू टकटक वाजतो. आता खूप कंपन्या हेच रंग वापरतात, पण रंग सारखा म्हणजे स्विच सारखा असं नाही. म्हणून पुन्हा तेच, दाबून बघा.

ब्लूबद्दल एक सावधगिरीचा इशारा. मे महिन्यात आपल्याकडे कूलरच्या आवाजात काहीही खपून जातं. जुलैत कूलर बंद होतो आणि रूममेटची झोप उघडी पडते.

गेमिंगसाठी आणखी एक गोष्ट तपासा. काही साध्या कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबली की तिसरं कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतच नाही. टायपिंगमध्ये हे जाणवणार नाही, मॅचमध्ये जाणवेल. आकाराचं म्हणाल तर उजवीकडचा आकड्यांचा भाग नसलेला कीबोर्ड घेतला की माउस जवळ येतो आणि खांदा वाचतो. टॅली करणाऱ्यांनी मात्र हा मोह टाळावा. आणि अगदी चिमुकले, बाणांची बटणंही नसलेले कीबोर्ड फोटोत छान दिसतात; मजकूर दुरुस्त करायला बसलात की रडाल.

आता खरं सांगते. नवा कीबोर्ड यायच्या आधीच माझं अर्धं दुखणं कमी झालं होतं, आणि तेही फुकटात. कीबोर्डच्या मागचे दोन पाय मिटवले. ते उभे असले की मनगट वरच्या बाजूला वाकतं. आमचं टेबल उंच आहे, म्हणून खुर्चीवर उशी टाकली, तेव्हा कोपर टेबलाच्या पातळीला आलं. पलंगावर लॅपटॉप घेऊन लोळत टाइप करणाऱ्यांनो, तुमच्यासाठी कुठलाच कीबोर्ड बनलेला नाही. आणि बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होत असेल, तर दुकानात जाऊ नका. सरळ डॉक्टरला दाखवा.

पुढे सेवाग्रामला येऊन राहिलेल्या गांधीजींनी 1909 मध्ये जहाजावर 'हिंद स्वराज' लिहिलं, तेव्हा उजवा हात थकला की ते डाव्याने लिहायचे. टायपिंगमध्ये अशी अदलाबदल करता येत नाही, पण विंडोजमध्ये 'स्टिकी कीज' नावाची सोय आहे. शिफ्ट एकदा दाबून सोडायची आणि मग अक्षर दाबायचं. धरून ठेवायची गरज नाही. शिफ्ट पाच वेळा दाबली की ती खिडकी आपोआप उघडते. ऐन मॅचमध्ये हीच खिडकी उघडते, म्हणून गेमर तिला शिव्या घालतात. भाऊ तर ती पहिल्या दिवशीच बंद करून टाकतो. करंगळी दुखत होती त्या आठवड्यात मी ती सुरू ठेवली, आणि घरात महाभारत झालं.

शेवटी आम्ही रेड स्विचचा, आकड्यांचा भाग नसलेला कीबोर्ड घेतला. दोन हजारांच्या थोडा वर, निम्मे त्याचे, निम्मे माझे. पहिले चार दिवस माझ्या चुका वाढल्या, कारण बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटायचं. मग हात हलका झाला. भाऊ म्हणतो, आता हातोडा वाजत नाही.

जुना कीबोर्ड मात्र फेकलेला नाही. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचं मिनिटाला 30 शब्दांचं किंवा इंग्रजीचं 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. माझ्यासारखे तुम्हीही ही परीक्षा देणार असाल तर एक लक्षात घ्या, केंद्रावर समोर साधा मेम्ब्रेन कीबोर्डच असण्याची शक्यता जास्त. मऊ रेडची सवय लागलेली बोटं तिथे अर्धवट दाबतात आणि अक्षरं गळतात. म्हणून तो चारशेवाला जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवलाय, धूळ बसू नये म्हणून. परीक्षेच्या महिनाभर आधी उतरवणार. तोवर नव्यावर दिवसा मी, रात्री तो.