मधुमेह : वारसा आणि सवय

ईदच्या सकाळी घरात शीरखुर्मा तयार होतो. वाट्या भरल्या जातात. मुले मिटक्या मारीत खातात. पण दादी किंवा नाना हळूच वाटी बाजूला सारतात. "मला नको. मला शुगर आहे," असे ते म्हणतात. मग कोणीतरी उसासा टाकते, "काय करणार? आपल्या खानदानातच आहे."

मित्रांनो, हे खरे आहे का? मधुमेह खरोखर घराण्यातून येतो का? आणि येत असेल, तर आपल्या हाती काहीच नाही का?

आधी हा रोग समजून घेऊ या. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीचे धरण तुम्ही पाहिले असेल, निदान ऐकले तरी असेल. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावती नदीवर ते बांधायला घेतले. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पावसाळ्यात तलाव भरला, की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात. जादा पाणी नदीत जाते. पातळी उतरली, की दरवाजे पुन्हा मिटतात.

आपल्या शरीरातही काहीशी अशीच व्यवस्था आहे. भात, भाकरी, गूळ पचल्यावर त्यांची साखर रक्तात उतरते. ती वाढताच पोटातील स्वादुपिंड नावाची ग्रंथी रक्तात इन्सुलिन सोडते. इन्सुलिन पेशींची दारे उघडते. साखर पेशींत जाते आणि आपल्याला शक्ती मिळते. इन्सुलिन कमी पडले किंवा पेशींची दारे त्याला दाद देईनाशी झाली, तर साखर रक्तातच साठते. हाच मधुमेह. त्याकडे दुर्लक्ष केले, तर काही वर्षांत डोळे, मूत्रपिंडे, नसा आणि हृदय यांना इजा होते. लहान मुलांत बहुधा याचा वेगळा प्रकार आढळतो. त्यात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून ते टोचून घ्यावे लागते. येथे आपण मोठ्या माणसांत सर्रास आढळणाऱ्या प्रकाराविषयी बोलत आहोत.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने देशभर एक मोठी पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. गोव्यात शंभर प्रौढांमागे सुमारे २६ जणांना, तर उत्तर प्रदेशात सुमारे ५ जणांना तो आढळला. खेड्यांपेक्षा शहरांत त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे.

आता वारशाकडे वळू. आईवडिलांकडून जसे डोळे, नाक आणि रंग मिळतात, तशी काही रोगांकडे झुकण्याची प्रवृत्तीही मिळते. ती जनुकांतून येते. मधुमेहाशी संबंध असलेले एक महत्त्वाचे जनुक २००६ साली आइसलँडमधील शास्त्रज्ञांना सापडले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या रुग्णांतही त्याचा संबंध दिसून आला. पण असे एकच जनुक नाही. अनेक जनुके थोडाथोडा भार टाकतात.

मग सारा दोष जनुकांचाच का? पिमा नावाच्या लोकांची हकीकत ऐका. त्यांतले काही अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात राहतात, काही मेक्सिकोच्या डोंगराळ भागात. दोघांचे पूर्वज एकच. ॲरिझोनातील पिमांच्या नदीचे पाणी वरच्या बाजूच्या वसाहतवाल्यांनी वळवून नेले आणि त्यांची शेती बुडाली. कष्ट कमी झाले, विकतचे अन्न वाढले. मेक्सिकोतील पिमा मात्र शेतात राबत राहिले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ॲरिझोनात शंभरांत सुमारे ३८ जणांना मधुमेह आढळला, तर मेक्सिकोत फक्त सुमारे ७ जणांना! रक्त एकच, पण राहणी वेगळी.

आपल्या महाराष्ट्रातही असेच मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता आणि बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो होते; इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो. आपली बालके हडकुळी होती. पण त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी नव्हती. ज्या मातांनी गरोदरपणी पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेतले, त्यांची बालके जास्त भरदार होती.

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. यूडकिन यांनी २००४ साली स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण अंगातील चरबी यूडकिन यांची शेकडा ९, तर याज्ञिक यांची शेकडा २१! यूडकिन मॅरेथॉन धावत. "मी धावतो तो रुग्णालयाची लिफ्ट गाठायला," अशा अर्थाची थट्टा याज्ञिकांनी स्वतःवरच केली.

यातून काय शिकावे? "मी तर सडपातळ आहे, मला काय होणार?" असे म्हणू नये. घरातल्या मुलीला आणि सुनेला सर्वांच्या शेवटी उरलेसुरले वाढू नये. कारण तिच्या ताटावर पुढच्या पिढीचे आरोग्य अवलंबून असते. रोज खेळावे, चालावे. तिशी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांना रक्त तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जावे.

पाऊस किती पडावा, हे आपल्या हाती नसते. धरण सांभाळणे मात्र आपल्या हाती असते. वारशाचेही तसेच आहे. पुढच्या ईदला कोणी "खानदानातच आहे" म्हणाले, तर त्यांना एवढे जरूर सांगा आणि संध्याकाळी दादीचा हात धरून थोडे फिरूनही या.