सर्व्हरचीही नाडी पाहायला हवी

'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या,' असे बँकेत ऐकले की आपण कुरकुरत घरी परततो. रुग्णालयात तसे चालत नाही. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, सीटी स्कॅन, औषधांच्या नोंदी हे सारे आता सर्व्हरवर असते. तो बंद पडला म्हणून अपघात विभागात रुग्ण यायचे थांबत नाहीत.

दिल्लीच्या 'एम्स'ने हे अनुभवले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये हल्लेखोरांनी तेथील पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली. नोंदणी, भरती, तपासण्या यांचे काम हाताने लिहून करावे लागले. बहुतेक सेवा पुन्हा संगणकावर यायला दोन आठवडे गेले. नेटवर्कचे योग्य विभाजन नव्हते, असे कारण सरकारने संसदेत सांगितले.

विभाजन म्हणजे आमच्या भाषेत विलगीकरण. थुंकीत जंतू असलेला क्षयरुग्ण आपण सर्वसाधारण वॉर्डात ठेवत नाही. तसेच नोंदणी खिडकीवरचा संगणक आणि रुग्णांच्या माहितीचा सर्व्हर यांच्यात भिंत हवी. एकीकडची लागण दुसरीकडे जाता कामा नये.

दुसरी गोष्ट लसीकरणाची. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेला गाठले आणि हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द झाल्या. त्या त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेक संगणकांवर ती बसवलेलीच नव्हती. 'आमचा सर्व्हर लिनक्सवर आहे, त्याला काही होत नाही,' हा समजही चुकीचा. लिनक्सच्या दुरुस्त्याही वेळेवर बसवाव्या लागतात. चोवीस तास चालणारे रुग्णालय थांबवायचे कसे, हा प्रश्न रास्त आहे. पण एका वाड्यात अनेक बिऱ्हाडे असावीत, तसे हल्ली एका यंत्रावर अनेक आभासी सर्व्हर नांदतात. तशी सोय केलेली असेल, तर ते चालू असतानाच शेजारच्या यंत्रावर हलवता येतात आणि रिकामे झालेले यंत्र दुरुस्तीला घेता येते.

तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बॅकअप. 'एम्स'ची माहिती परत मिळाली, ती हल्ल्यातून सुटलेल्या बॅकअप सर्व्हरमुळे. त्याच यंत्रावर घेतलेला 'स्नॅपशॉट' म्हणजे बॅकअप नव्हे. वाडा पेटला तर माळ्यावरचे सामानही जळते. क्लाऊडवर ठेवलेली प्रतही त्याच पासवर्डने पुसता येत असेल, तर तिचा आधार धरू नये. मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक इमारतीबाहेर, असा साधा नियम आहे. शिवाय ती प्रत अधूनमधून उघडून पाहावी. ऑक्सिजनचा राखीव सिलिंडर आपण नुसता उभा करून ठेवत नाही, त्याचा दाबही पाहतो.

हे सारे करायला माणूस लागतो. रुग्णालयात रात्रपाळीला परिचारिका, तंत्रज्ञ, वायरमन कोण आहे हे ठरलेले असते. सर्व्हर सांभाळणाऱ्याचे नावही त्याच फलकावर असायला हवे.

वाचकांनीही एक करावे. रक्तगट, चालू औषधे, अ‍ॅलर्जी आणि शेवटचे रिपोर्ट यांची कागदी फाइल घरी ठेवावी आणि दवाखान्यात येताना सोबत आणावी. सर्व्हर बंद असला, तरी ती उघडते.