कलमाच्या चाकूची मोडलेली पाठ

बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. धारूरजवळच्या आमच्या रोपवाटिकेत त्याच सीताफळाची कलमं होतात, आणि ती सगळी एका घडीच्या चाकूवर. यंदा ऐन हंगामात त्याची पाठ मोडली. पातं लुळं पडलं.

घडीच्या साध्या चाकूला कुलूप नसतं. मुठीच्या दोन पत्र्यांमध्ये, पाठीकडून, स्प्रिंगची पट्टी असते. मागे एक रिव्हेट, मध्यावर दुसरी, पुढचं टोक मोकळं. पातं फिरताना त्याची टाच हे टोक उचलते. टाचेची सपाट बाजू आली की टोक खट्‌कन बसतं. दर उघडझापीला पट्टीवर सगळ्यात जास्त ताण मध्यावर येतो, आणि नेमकं तिथंच भोक पाडून ती कमजोर केलेली असते. माझीही त्या भोकातूनच तुटली.

बाजाराच्या कडेला भाता लावणारे घिसाडी मामा म्हणाले, "मालक, गाडीच्या पाट्याची नवी पट्टी घडवतो की!" घडवलीही असती. पोलाद लाल करून तेलात बुडवायचं, घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा हळूहळू तापवायचं. सुमारे २३० अंशांना त्यावर पिवळसर झाक येते, ती पात्यासाठी. स्प्रिंगला जवळपास ३०० अंशांचा निळा रंग येऊ द्यायचा. पिवळ्यावरच थांबलात तर पट्टी वाकायच्या आधी कडकन तुटते.

पण मला स्प्रिंग नकोच होती. तिच्या खाली चीक आणि माती साचते, आणि झाडाचा रोग चाकूबरोबर दुसऱ्या झाडावर जातो. न्हाव्याचा जुना वस्तरा बघा, त्याला कुठं स्प्रिंग असते? फ्रान्समध्ये जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली काढलेला लाकडी मुठीचा चाकूही बिनस्प्रिंगचाच. पातं अडवणारी फिरती कडी त्याला १९५५ साली आली.

मामांनी रिव्हेटींची डोकी कानसून चाकू सुटा केला. तुटके तुकडे काढून पत्र्यांमध्ये पितळी नळीचे तुकडे बसवले, म्हणजे पाठ मोकळी राहिली. पात्याच्या दोन्ही बाजूंना पितळी वायसर घातले आणि पातं जिथं सोडावं तिथं थांबेल इतकीच रिव्हेट ठोकली. एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही: ती पट्टी उघडं पातं मागे जाण्यापासूनही अडवत होती. म्हणून टाचेमागे पोलादी खुंटी आडवी ठोकावी लागली. शेजारच्या पोरानं "खटका बसवा" म्हणून हौस सांगितली. कलमाला खटका कशाला?

धारेवर दाब असतो तोवर खुंटी पुरते. टोकानं साल उचकटताना मात्र दाब उलटा येतो आणि पातं बोटांवर मिटू शकतं. त्यासाठी पत्रे आणि टाच यांतून आरपार भोक पाडून घेतलंय. त्या कामाआधी त्यात जाड तार सरकवतो. टाच कडक होती, साध्या ड्रिलला दाद देईना, कार्बाइडचा आणावा लागला. झाड बदललं की सांध्यासकट चाकू स्पिरिटमध्ये बुडवतो. रिव्हेट ढिली झालीच, तर हातोडीचे दोन टोले.