सॅन वाकीन खोऱ्याचे जुने नकाशे
कॅलिफोर्नियातील सॅन वाकीन खोऱ्यात आज सरळ कालवे आणि चौकोनी शेते दिसत असली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे ‘तुले’ नावाच्या उंच लव्हाळ्याने भरलेली विस्तीर्ण पाणथळ जमीन होती, हे जुन्या नकाशांवरून उलगडते. मेक्सिकन अमदानीत इनाम मिळालेल्या रँचोंचे, म्हणजे गुरे राखण्याच्या मोठ्या मुलखांचे, हाताने काढलेले नकाशे ‘दिसेन्यो’ म्हणून ओळखले जात. त्यांत टेकड्या, ओढे, एखादे एकटे झाडही शाईने रेखाटलेले असे, मोजमाप मात्र ढोबळच. पुढे अमेरिकन मोजणीदार 66 फुटी साखळी ओढत निघाले आणि ती कोठे चिखलात शिरली हे वहीत टिपत गेले. या वह्या नकाशांहूनही मोलाच्या आहेत.

तथापि 1850 च्या कायद्याने दलदलीची जमीन राज्यांकडे गेल्यावर आणि 40 एकरांच्या तुकड्याचा अर्ध्याहून अधिक भाग ओला असला की अख्खा तुकडा दलदल ठरू लागल्यावर, स्वस्त जमिनीच्या लोभाने कोरडी कुरणेही कागदोपत्री ओली झाली. गुरांचे बडे मालक हेन्री मिलर यांनी गाडीवर होडी ठेवून ‘होडीतून पाहणी केली’ अशी शपथ घेतल्याची दंतकथा त्यातलीच. तरीही जुने नकाशे खोटे नव्हते: याच खोऱ्यातले, कालव्यांनी आणि बांधांनी आटवलेले तुलारे सरोवर 2023 मध्ये पुन्हा भरले, तेव्हा पाणी जुन्या नकाशांतील तळातच साचले.