फ्रंटमन म्हणजे नुसता गळा नव्हे

रॉक बँडचा फ्रंटमन (मंचावर पुढे राहून बँड आणि प्रेक्षक यांच्यातला धागा सांभाळणारा कलाकार) म्हणजे बँडचा मालक किंवा सर्वांत गोड गळा, असा समज सर्रास आढळतो. कोकणात देवरूखच्या आसपास गणपतीत जाखडी हा लोकनाच पाहणाऱ्याला मात्र या कामाचा अर्थ चटकन कळेल. पायात चाळ बांधलेले नाचे गोल फिरतात आणि मध्ये ढोलकी-झांजेच्या साथीत शाहीर बसलेला असतो. तो ओळ टाकतो, साथीदार ती उचलतात. शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या सामन्यात सवालाला तिथल्या तिथे जबाब देणे, लोकांचा कल ओळखून गाण्याचा रोख फिरवणे, हेही त्याच्याकडेच. आवाज थोडा बसलेला असला तरी निभावते. अंदाज चुकला की बारी पडते.

‘क्वीन’ या रॉक बँडचा फ्रंटमन फ्रेडी मर्क्युरी याचे उदाहरण या कसोटीवर घासून पाहावे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतल्या ‘द हेक्टिक्स’ बँडमध्ये तो पियानोवर होता. मुख्य गायक दुसराच मुलगा. पुढे ‘क्वीन’मध्ये चौघांनीही गाजलेली गाणी लिहिली, तेव्हा मालकीचा मुद्दा निकालात निघतो. ‘पण त्याचा गळा अफाट होता ना?’ हा आक्षेप रास्तच आहे, आणि गळ्यावाचून हे जमले नसते हेही खरे. तरी १३ जुलै १९८५ रोजी वेम्ब्लीच्या ‘लाइव्ह एड’ मैफलीत, हातात माइकचा अर्धाच दांडा घेऊन, त्याने वाद्यांविना स्वर फेकले तेव्हा प्रत्येक स्वरानंतर तो थांबत होता. ती मोकळी जागा हजारोंच्या गर्दीने भरली.