तितराचा धुरा

फासा दिसायला अगदी किरकोळ असतो. बांबूच्या कामटीचे छोटे खुंटे, त्यांना बांधलेले नायलॉनच्या दोऱ्याचे सरकते फास, आणि ही माळ धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या गवतात जमिनीपासून चार बोटं वर लावलेली. जवळच पिंजऱ्यात एक पाळलेला नर तितर. तो ओरडला की त्या शिवारातला रानचा नर ताठ मानेनं धावत येतो. आपल्या हद्दीत दुसरा आलेला त्याला खपत नाही. विणीच्या दिवसांत तर तो हमखास येतो, म्हणजे फाशात सापडतो तो नेमका जोडी धरलेला पक्षी. एक नर गेला की त्या धुऱ्यावरची त्या हंगामाची वीणच धोक्यात येते.

चंद्रपूर आणि गडचिरोली म्हटलं की वाघ आठवतो. त्याची गणना दर चार वर्षांनी होते, पट्ट्यांवरून एकेकाची ओळख पटवली जाते. जमिनीवर चरणाऱ्या, जमिनीवरच अंडी घालणाऱ्या पाखरांच्या वाट्याला हे कौतुक येत नाही. वरोरा, राजुरा, कोरपन्याच्या कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात तितर आणि लावे, पावसाळ्यात उंच गवतातून ओरडणारा चित्रतितर, खडकाळ टेकड्यांवर चकोत्री, ताडोब्याच्या बांबूत करडा रानकोंबडा आणि इंद्रावतीच्या बाजूला तांबडा. मध्य भारतात या दोन रानकोंबड्यांच्या हद्दी एकमेकींना भिडतात. करड्याच्या मानेवरची मेणासारखी चकाकणारी पिसं एके काळी विलायतेत जात, मासे धरायच्या गळावर बांधायला.

ही पाखरं किती सहज संपतात याचा दाखला चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. वरोरा-भद्रावतीच्या शिवारात माळढोक अगदी अलीकडच्या काळापर्यंत दिसत असे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अहमदनगर भागात मॅन्सफिल्ड नावाच्या एका इंग्रज शिकाऱ्यानं ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. बंदुकीनं सुरुवात केली. पुढचं काम नांगरानं आणि विजेच्या तारांनी केलं.

शिकारीचा कायदा आता स्पष्ट आहे. ताडोबा परिसरात १९३५ मध्ये शिकारबंदी झाली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात लहान शिकारीच्या परवान्याची वाट शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीनं तीही बंद झाली. फास लावणं, जाळं टाकणं, अंडी उचलणं, घरटं विस्कटणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत शिकारच आहे.

अधूनमधून कुणीतरी म्हणतं, परदेशात जबाबदार शिकार चालते, मग इथे का नको? अमेरिकेत १९३७ च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या अधिवासासाठी राखून ठेवला, ही खरी आणि चांगली गोष्ट आहे. पण तिथे पक्ष्यांची मोजणी होते, हंगाम ठरतो, माणशी किती मारायचे ते ठरतं आणि तपासणारा माणूस हजर असतो. आपल्याकडे तितराची मोजणीच नाही. मोजल्याशिवाय मारायची परवानगी देणं म्हणजे जमाखर्च न पाहता मुद्दल खर्चणं. माझ्या मते परवान्यांचं दार बंद आहे ते बंदच राहावं.

मात्र शिकारीतला संयम इथल्या माणसांना परका नाही. गोंड समाजात कुळाच्या प्राण्याला हात लावायचा नाही हा दंडक आहे. भामरागड-एटापल्लीच्या माडियांची पारध सामूहिक. मिळालेलं सगळ्या गावात वाटलं जाई. पोटापुरत्या त्या पारधीला आणि ढाब्यावरच्या गिऱ्हाईकासाठी लावलेल्या फाशांना एका मापानं मोजणं अन्यायाचं आहे. दुसरा प्रकार थांबवायचा तर फासेवाल्याइतकाच ताटात रानचं पाखरू मागणारा गुन्हेगार धरला पाहिजे.

तरीही मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती धुऱ्याची. तितराचं पिल्लू दाण्यावर वाढत नाही. पहिले काही आठवडे त्याला किडे लागतात. आणि किडे असतात तणावर, धुऱ्यावरच्या गवतात, बोरी-बाभळीच्या बुडाशी. धुरा कोरून अरुंद केला, उरलेल्यावर तणनाशक मारलं, की फासा न लावताच पिल्लं उपाशी मरतात. ब्रिटनमध्ये हे नीट अभ्यासलं गेलं. ससेक्सच्या शेतांत १९६८ पासून डिक पॉट्स यांनी करड्या तितराचा माग ठेवला आणि तणनाशक, किडे आणि पिल्लांचं जगणं यांची साखळी दाखवून दिली. त्या देशात हा पक्षी नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. तिथल्या शिकारी मंडळींनीच मग पिकाच्या कडेचा पट्टा फवारणीविना सोडायला आणि शेतातून गवताचे बांध घालायला सुरुवात केली. जबाबदारी म्हणतात ती ही, आणि तिला बंदूक लागत नाही. भारतात २०२३ च्या पक्षी-अहवालात दीर्घकालीन कल सांगता आलेल्या ३३८ जातींपैकी ६० टक्के घटलेल्या निघाल्या. गवताळ माळावरच्या जातींची अवस्था विशेष वाईट. मोर मात्र वाढला आहे, तेव्हा मोरावरून तितराचा अंदाज बांधू नये.

जंगलाच्या बाजूला दुसरं संकट, वणवा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून आग लावतात. रानकोंबडीची अंडी नेमकी तेव्हाच जमिनीवर असतात. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनं यावर गावाच्या पातळीवर उत्तर शोधलं. २०१२ मध्ये १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी आणि आग लावावी लागते. गावाचा संसार बांबूवर चालवला. हातचा पैसा सोडून घेतलेला हा निर्णय मला कुठल्याही अभयारण्याच्या पाटीपेक्षा मोठा वाटतो. आता तिथे तेंदूची फळं माणसांनाही मिळतात आणि पाखरांनाही.

शेत आणि जंगल यांच्यामध्ये पूर्व विदर्भात आणखी एक जमीन आहे, झुडपी जंगल. सहा जिल्ह्यांत मिळून ८६,४०९ हेक्टर. सरकारी कागदांत ती कित्येक वर्षं निरुपयोगी ठरली होती. इमारत, डेपो, रस्ता, काहीही तिथे खपून जाई. तितर, लावे यांना मात्र अशीच खुरटी, काटेरी, मोकळी जागा लागते. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही जमीन वनजमीनच आहे असा निकाल दिला. जंगलाला लागून नसलेले, तीन हेक्टरांहून लहान तुकडेही संरक्षित वन म्हणून घोषित करायला सांगितले. गावोगावच्या या तुकड्यांची यादी तलाठ्याच्या दप्तरात आहे. नागभीड, मूल, वरोऱ्याच्या ग्रामसभांनी ती मागून घ्यावी, सीमा दाखवून घ्याव्यात, आणि तिथे सागाची रोपं लावायची घाई करू नये. बोर, गवत आणि करवंदीची जाळी जशी आहे तशीच राहू द्यावी.